'उत्स्फूर्त दाद' म्हणजे नक्की काय हो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ला तालुक्यात रस्त्याला लागून माझं मोटर-पंप रिवायंडिंगचं छोटं दुकान आहे. तुमचा पेपर सकाळी साडेसातला शटरखालून आत येतो, आधी मी वाचतो, मग गिऱ्हाईकं वाचतात आणि दुपारनंतर त्याच्यावर सुटी केलेली बेरिंगं मांडली जातात, म्हणजे पेपर पूर्ण वसूल होतो. पत्र मोबाईलवर टाइप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघून घ्या, आणि मजकूर लांबणार आहे हे मला पण कळतंय, त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

झालं असं की गेल्या रविवारी आतल्या पानावर फोटोसकट तीन कॉलम बातमी होती, आमच्या शेजारच्या गावातल्या कार्यक्रमाची, हेडिंग 'रसिकांची उत्स्फूर्त दाद'. आता त्या कार्यक्रमाला मी स्वतः होतो. खुर्च्या दोनशे, माणसं साठ, त्यातली वीस मंडळाचीच, आणि निवेदक दर पाच मिनिटांनी माइक तोंडात घालून ओरडत होता, 'टाळ्या कमी पडतायत, जेवून नाही आलात काय!' मग लोक बिचारे टाळ्या वाजवायचे. ह्याला उत्स्फूर्त म्हणायचं तर मग शाळेत आम्ही पाढेसुद्धा उत्स्फूर्तच म्हणायचो, गुरुजींच्या हातात छडी होती ती गोष्ट वेगळी. त्याच पानावर अगदी तळाला, टायरच्या जाहिरातीला चिकटून चार ओळी होत्या, 'खारबंधारा फुटल्याने शेतीचे नुकसान, ग्रामस्थांनी मागितली दाद'. ते ग्रामस्थ म्हणजे आम्ही, आणि खारबंधारा म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध. आणि ह्या दोन बातम्या मी एकीखाली एक वाचतोय तेवढ्यात एक काका रिक्षातून दीड एचपीचा पंप उतरवून घेऊन आले नि म्हणाले, "सकाळपासून खटपटतंय रे, नुसती हूं हूं करता, पण मेली मोटर काय दाद देणा नाय."

एका सकाळी तीन वेळा दाद, आणि तिन्ही वेळा वेगळी. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय.

आमच्या धंद्यात हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. मोटर स्विचला दाद देत नाही, ताप गोळीला दाद देत नाही, म्हातारी सुनेला दाद देत नाही आणि म्हातारीच्या मनात काय शिजतंय त्याची ती कुणाला दाद लागू पण देत नाही. खाऱ्या हवेत गंजलेला नट कधी उघडून बघितलाय का तुम्ही? पान्याला जोर लावलात तर नट सुटत नाही, त्याचे कोपरे झिजतात आणि मग कायमचं वाटोळं. त्याला रात्री रॉकेल सोडून ठेवायचं, सकाळी पाना लावायचा नि हातोडीने पान्याच्या शेपटीवर हलकासा एकच ठोका द्यायचा. 'कट्' असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की आमच्याकडचा पोऱ्या लगेच म्हणतो, 'दिल्यान दाद!' आता त्या नटाने काय टाळ्या वाजवल्या? नाही. त्याने फक्त इतकंच केलं की समोरच्याने जे बरोबर केलं त्याला तो बरोबर तेवढाच हलला.

हा शब्द मूळचा फारसी. ते मला माझ्या दुकानामागच्या वाडीतल्या चाचांनी सांगितलं. चाचा आयुष्यभर जहाजाच्या इंजिन रूममध्ये फिटर होते, आखातातली सगळी बंदरं पाठ, इराणचं बंदर अब्बास तर त्यांना आपल्या वेंगुर्ल्याच्या बंदरासारखं. संध्याकाळी दुकानात येऊन बसतात, चहा बिनसाखरेचा. मी त्यांना पेपर दाखवला तर हसायला लागले. म्हणाले, "अरे तिकडे कोर्टाला काय म्हणतात ठाऊक आहे? दादगाह. दाद म्हणजे इन्साफ, आणि फिर्याद म्हणजे फर्याद, कुणीतरी धावा म्हणून मारलेली हाक." म्हणजे आपण 'दाद ना फिर्याद' म्हणतो ते किती बरोबर म्हणतो बघा, ओरडलो तरी कुणी आलं नाही आणि न्याय पण नाही. ओघात 'शाब्बास'चं पण त्यांनी सांगून टाकलं, ते म्हणे 'शाद बाश', खूश राहा. इतकी वर्षं पोराच्या पाठीवर थाप मारताना मी त्याला खूश राहा म्हणत होतो हे मला माहीतच नव्हतं. (एसटी स्टँडच्या भिंतीवर 'दाद, खाज, खुजली' अशी मलमाची जाहिरात असते ती दाद वेगळी हां, ती हिंदीतली, आपण त्याला नायटा म्हणतो, ती संस्कृत दद्रूवरून आलेली. माझा मुलगा लहानपणी विचारायचा की बाबा, ह्याला मलम लावलं की टाळ्या थांबतात काय.)

आता कुणी म्हणेल की फारसी शब्द कशाला पाहिजे. आपल्याच रत्नागिरीत सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते आणि तिथे बसून त्यांनी भाषाशुद्धीचं काम केलं, तारखेला दिनांक दिला, मेयरला महापौर दिला, ते शब्द आपण आज बिनदिक्कत वापरतो. पण अर्ज, वकील, फिर्याद, दफ्तर आणि दाद जिथल्या तिथे राहिले, कारण ते फडात, कचेरीत आणि चुलीपाशी तिन्हीकडे एकदमच शिरलेले. बाहेर काढायचे तर कुठल्या दारातून काढणार?

तर मुद्दा असा की दाद म्हणजे न्याय, आणि गाणाऱ्याला दाद देणं म्हणजे त्याने जे केलं ते ओळखून त्याचं त्याला देणं. एखाद्याचं देणं आपल्याकडे असतं, ते चुकतं करायचं. म्हणूनच कोर्टात मागतात ती पण दाद आणि बैठकीत देतात ती पण दाद, दोन शब्द नाहीत ते, एकच आहे. आणि म्हणूनच ज्याला कळत नाही त्याला दाद देता येत नाही, त्याला फक्त टाळी वाजवता येते. हे मी कुणाला हिणवून म्हणत नाही, मी स्वतः बऱ्याच ठिकाणी नुसता टाळ्या वाजवून आलोय. एकदा सावंतवाडीला शास्त्रीय गाण्याला गेलो होतो, बुवांनी तान घेतली, सगळे थांबले, मला वाटलं संपलं, मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. ते नुसते श्वास घेत होते.

मी आमच्या भजनी मंडळात झांज वाजवतो. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात झांज देतात असं लोक म्हणतात ते खोटं आहे, येत नाही त्याला चहा सांगायला पाठवतात. डबलबारी म्हणजे काय ते आपल्या वाचकांना सांगायला नको, दोन बुवा समोरासमोर, दोन पेट्या, दोन पखवाज, एकाने गजरात चिमटा काढायचा, दुसऱ्याने तो परत द्यायचा, आणि माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये पण चाकरमानी ह्याच्यासाठी गर्दी करायचे. तर काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची एक बारी होती. आमचा पखवाजवाला आजारी, म्हणून माझ्या भाच्याला बसवला, वय वर्षं सतरा, हात थरथरत होते ते मला बाजूने दिसत होतं. समोरचे बुवा सत्तरीचे, ऐकवताना कुणाला सोडायचे नाहीत, आमच्या मंडळाची त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच पार चटणी केली. मग रात्री दोनच्या सुमारास आमचा गजर चढला आणि भाच्याने काय केलं कोण जाणे, एक तिहाई (तोच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात ती) घेतली ती अशी फिरवून फिरवून आणली की मी झांज वाजवायची सोडून बघत बसलो, मला वाटलं आता हा पोर समेवर कुठला येतोय, आता पडतोय, आणि तो बरोब्बर समेवर आला. टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या, शिट्ट्या पण झाल्या. मी त्या बुवांकडे बघत होतो. त्यांच्या गालात पान होतं. ते चावायचं थांबले. पेटीवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि नाकातून फक्त 'हां' एवढा आवाज काढला. त्यानंतर त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी आपला गजर भाच्याने जी लय सोडली होती त्याच लयीत उचलला, एक तसूभर पण इकडेतिकडे नाही.

त्या हॉलमधल्या दोनशे टाळ्या एकीकडे आणि ते 'हां' एकीकडे. भाचा आज पुण्यात कंपनीत आहे, पण गावाला आला की अजून विचारतो, 'मामा, बुवांनी लय तीच धरली होती ना?' टाळ्यांबद्दल कधी विचारत नाही. आणि बारी संपल्यावर बुवा त्याच्या जवळ येऊन काय म्हणाले माहितीय? "मेल्या, खय शिकलंस रे ह्या?" आमच्या मालवणीत 'मेल्या' हा शब्द जिथे लागतो तिथे समजावं की माणूस मनापासून बोलतोय. 'छान, सुंदर, अप्रतिम' असं इथला माणूस म्हणायला लागला की समजायचं, एकतर तो मुंबईहून आलाय नाहीतर त्याला तुमच्याकडून उसने पैसे पाहिजेत. इथलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट म्हणजे 'बरा झाला.' त्याच्यावर काही नाही.

आता टाळीबद्दल. टाळीवर माझा अजिबात राग नाही, उलट मला वाटतं आपण बिचारीला भलत्या कामाला जुंपलंय. टाळी म्हणजे ताल. ताल, टाळ, टाळी सगळं एकाच घरातलं. तबल्याच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी हातावर ताल द्यायला शिकवतात, तीनतालाच्या १६ मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे तिथे हात नुसता उलटा फिरवायचा, आवाज करायचा नाही. ती टाळी कुणाच्या कौतुकाची नाही, ती मोजणी आहे. गणपतीत आमच्या वाडीत घरोघर आरत्या फिरतात, मृदुंग एक, झांजा चारपाच, आणि बाकी सगळ्यांच्या टाळ्या. 'घालीन लोटांगण'ला लय वाढायला लागते, बारकी पोरं पुढे उभी, डोळे मोदकांवर, हात आपोआप चालू. शेवटी पोरं तळवे एकमेकांना दाखवतात कुणाचे जास्त लाल झाले ते. तिथे कोण कुणाला शाबासकी देतंय? कुणीच नाही, सगळे मिळून एक वाद्य झालेले असतात आणि मग वाटाण्याची उसळ खाऊन पुढच्या घरी जातात.

शिवाय 'दे टाळी' आहेच. पारावर दोन म्हातारे बसलेले असतात, एकाने तिसऱ्याची खेचली की दुसरा हात पुढे करतो, 'दे टाळी!' राजकारणात तर आता युती म्हणजेच टाळी झालीय, कोण कोणाला टाळी देणार ह्याच्यावर तुमची अर्धी पानं भरतात. आणि 'ब्रह्मानंदी टाळी' ती आणखी निराळी, त्यात हात लागतच नाहीत. आमच्या मंडळात पहाटे तीनला कुणी भिंतीला टेकून घोरायला लागला की म्हणतात, ह्याची लागली बघ ब्रह्मानंदी.

२२ मार्च २०२० ला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशाने टाळ्या-थाळ्या वाजवल्या, आठवतंय ना. शहरात बिल्डिंगी समोरासमोर, आवाज घुमतो. आमच्याकडे एक घर इथे, दुसरं घर माडांच्या पलीकडे, तिसरं व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे. मी अंगणात उभा राहून टाळ्या वाजवल्या तर त्या माझ्या मलाच ऐकू आल्या. बायको म्हणाली, झांज काढा की. झांज काढली, मग पलीकडून थाळी ऐकू आली, मग लांबून कुणाचा तरी घुमट (मातीचं वाद्य), मग कुत्री. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की टाळीला माणसं जवळ असावी लागतात.

जत्रेतल्या दशावताराचं तर ह्याच्याही पुढचं आहे. तुमच्या बातमीत दशावतार आला की 'टाळ्यांचा कडकडाट' ठरलेला. मी लहानपणापासून जत्रा बघतोय, देवळासमोर मळ्यात बारदान अंथरून बसायचं, थंडी मरणाची, दोन्ही हात शालीच्या आत, मांडीवर झोपलेलं पोर आणि पोराच्या मुठीत खाजं (जत्रेतला खाऊ). टाळी वाजवणार कशाने? तिथे दाद तोंडाने देतात. एका वर्षी नाटकात दुष्ट सावत्र आईचं काम करणाऱ्याने, म्हणजे पुरुषच तो, लुगडं नेसलेला, असं काही काम केलं की माझ्या पुढे बसलेल्या आजी उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात शालीबाहेर काढून त्याला शिव्या द्यायला लागल्या, "मुडदो बशिवलो तुजो! पोराक उपाशी ठेवतंस!" दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्याउभ्या बोलतो, त्यामुळे प्रेक्षक जिथे हलला तिथे तो प्रसंग वाढवतो. ह्या बहाद्दराने आजींकडे वळून पदर कमरेला खोचला आणि खऱ्या सुनेशी भांडावं तसा पाच मिनिटं त्यांच्याशी भांडला, सगळ्या जत्रेचं हसून पोट दुखलं आणि त्याला उत्तर देताना आजींच्या डोळ्यात खरंच पाणी होतं. सकाळी तोच माणूस तोंडाचा रंग अर्धवट पुसलेला, डोक्यावर पेटारा घेऊन रस्त्याने चालला होता. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' म्हणतात ते काय उगीच नाही. आजी देवळाच्या पायरीवर बसलेल्या. त्यांनी त्याला हाक मारून पिशवीतलं खाजं दिलं आणि म्हणाल्या, "खा रे बाबा, रात्री लय बोललंय तुका." तुमच्या वार्ताहराने हे लिहिलं असतं तर मी कात्रण काढून दुकानात लावलं असतं. तो रात्री साडेदहाला फोटो काढून निघून गेला होता आणि नाटकाला रंग एक वाजता भरला.

आणि आता ज्याच्यासाठी मला खरं वाईट वाटलं ते सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी कर्णबधिर मुलांच्या एका कार्यक्रमाला मी गेलो होतो, साउंडवाल्याचा ॲम्प्लिफायर बिघडलेला म्हणून मला बोलावलेलं, नाहीतर मला कोण बोलावतंय. मुलांनी नाच केला, लाकडी फळ्यांच्या स्टेजवर पायातून ठेका घेत होती. संपल्यावर आम्ही मोठी माणसं टाळ्या वाजवणार तेवढ्यात तिथल्या बाईंनी आम्हाला खूण केली, आणि समोर बसलेल्या सगळ्या मुलांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटं पसरून हलवायला सुरुवात केली. खुणांच्या भाषेतली ती टाळी. आवाज शून्य. पंखे फिरत होते तेवढाच आवाज. स्टेजवरच्या मुली त्या हातांकडे बघत होत्या, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. मी पण हात वर केले, आधी लाज वाटली, मग नाही वाटली. मला तेव्हा तीनतालातली ती खाली आठवली, आवाज नाही पण मात्रा पूर्ण. दुसऱ्या दिवशी पेपरात (तुमच्याच की दुसऱ्या ते आता उकरून काढत नाही) बातमी होती, 'टाळ्यांच्या कडकडाटात मुलांचे कौतुक'. अहो, एक टाळी वाजली नव्हती तिथे! न वाजवण्यातच तर सगळं होतं.

व्हॉट्सॲपवर तर टाळी आता अंगठ्याला लागलीय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकाच्या सासऱ्यांच्या निधनाची बातमी आली, सगळ्यांनी हात जोडले, आणि आमच्या एका आतेभावाने चष्मा न लावता ओळीने तीन टाळ्या पाठवल्या. सासरे तसे तापटच होते, त्यामुळे त्याने मुद्दाम पाठवल्या असं अर्ध्या भावकीला अजून वाटतं. बाराव्याला त्याला पंगतीत बसायला कुणी आग्रह केला नाही.

आता बंधाऱ्याकडे येतो, कारण दुसरी दाद राहिलीच.

आमच्या खाडीचा खारबंधारा आषाढातल्या अमावस्येच्या उधाणाला फुटला. लावणी होऊन पंधरा दिवस झालेले, रोपं नुकती मूळ धरत होती. सकाळी जाऊन बघतो तर मळ्यात गुडघाभर खारं पाणी आणि त्यात चिमुकली मासळी फिरतेय. रोपं आधी पिवळी पडली, मग तांबूस, मग हाताने ओढली की नुसता चिखल हातात. खारं पाणी एकदा जमिनीत बसलं की ते मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. दोन विहिरींचं पाणी बदललं, त्यातली एक माझ्या चुलत्यांची, त्यांच्या घरात आता चहाला पाणी शेजारून आणतात. आम्ही एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. मग दुसरा दिला. मग चौघे जण मिळून तिसरा दिला. तिन्ही अर्जांच्या पोचा माझ्याकडे आहेत, तिन्हीवर गोल शिक्का आहे, तिसऱ्यावरचा जरा फिकट आहे. उत्तर एकदाच आलं, 'आपल्या अर्जाची दखल घेण्यात आली आहे'. दखल हा शब्द पण तुमच्याकडे फार चालतो. प्रशासनाने घेतली दखल, मंत्र्यांनी घेतली दखल. दखल घेतली म्हणजे अर्ज वाचला, दाद दिली म्हणजे बंधारा बांधला, इतका साधा फरक आहे तो. तीन महिने आम्ही दाद मागतोय आणि आम्हाला दखल मिळतेय, भूक लागलेल्या माणसाला मेनू कार्ड द्यावं तशी.

आणि ह्यात आमची पण चूक आहे ती लपवत नाही. मध्ये एका सभेला एक साहेब आले होते, त्यांनी माइकवर सांगितलं की तुमचा बंधारा मे महिन्याच्या आत होणार म्हणजे होणार. निवेदक म्हणाला जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. आम्ही वाजवल्या. मी पण वाजवल्या, मी तर झांजवाला, माझ्या जरा जास्तच लागल्या. घरी येताना चाचा म्हणाले, "अरे काम झाल्यावर वाजवायच्या असतात ना?" मी काही बोललो नाही. त्या दिवशीच्या तुमच्या बातमीत आमच्या टाळ्या आल्या, बंधारा नाही आला.

तर माझी विनंती दोन गोष्टींची. एक म्हणजे कार्यक्रमाच्या बातमीत 'उत्स्फूर्त दाद', 'भरभरून दाद', 'टाळ्यांचा कडकडाट' हे जे साच्यातले शब्द आहेत ते जरा बाजूला ठेवून तुमच्या वार्ताहराने तिथे काय झालं ते लिहावं, कोण हसलं, कोण उठून गेलं, कुणी पेटीवर नोट ठेवली, कुठल्या म्हातारीने शिवी दिली. साठ माणसं होती तर साठ लिहा, साठ काय कमी आहेत, आमच्या गावात साठ माणसं एका जागी यायला कुणीतरी मरावं लागतं. दुसरं म्हणजे 'ग्रामस्थांनी दाद मागितली' असं छापलं की महिन्याभराने परत एक ओळ छापा, मिळाली की नाही मिळाली. मागणाऱ्याची बातमी होते आणि मिळाल्या-न मिळाल्याची होत नाही, म्हणून देणाऱ्याला पण घाई नसते. परवाच्या पौर्णिमेच्या उधाणाला पाणी परत आत आलं होतं, ह्यावेळी वरच्या कुणग्यांपर्यंत (भातखाचरांपर्यंत).

पत्र लांबलंय. जागेअभावी कापायचं झालं तर टाळीचं कापा, आजींचं कापा, माझं सावंतवाडीचं तर आधी कापा. बंधाऱ्याचं तेवढं ठेवा.

आपला,
एक वाचक (नाव छापू नये, दुकान चालवायचंय)
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग

ता. क. काकांच्या मोटरने दाद दिली. वाइंडिंग चांगलं होतं, कॅपेसिटर गेला होता. चालू झाल्यावर काकांनी पाण्याच्या धारेखाली हात धरला, बराच वेळ धरला आणि म्हणाले, "बरा झाला." मग शंभरची नोट टेबलावर, तुमच्या पेपरवर ठेवून गेले.